ध्रुवयानचा दुसरा भाग

"कोन पडला?" जेवता जेवता हात थांबवून यादोरावांनी विचारलं.

"पडला नाही बाबा, लागला!" अलका त्यांच्याजवळ सरकली. "ध्रुवयानचा दुसरा भाग लागला गोंदियात. दुपारच्या खेळाले जाऊ."

"हो, हो," म्हणत यादोराव पुन्हा भातात वरण कालवू लागले. ऐकू आलं नाही की ते असंच 'हो, हो' म्हणत. अलकाने मोबाईलवर पिक्चरचं पोस्टर काढून त्यांच्या ताटासमोर धरलं. काळंभोर आकाश आणि त्यात पांढऱ्या पोशाखातली एकटी बाई, तरंगत असलेली.

यादोरावांचा चेहरा बदलला. "हा? ह्या भिकार पिक्चरले कोन पाह्यते?"

"लोक आता म्हणून राह्यले का पहिल्यापेक्षा हाच चांगला होता. एवढ्या वर्षांनी पुन्हा लावला म्हणून."

हे कलाबाईंना नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगावं लागलं. ते ऐकून यादोराव हसले.

"लोक याडे झाले," ते म्हणाले.

यादोरावांचं सगळं आयुष्य राईस मिलमध्ये गेलं होतं. फुलचूरहून सकाळी सायकलने निघायचं आणि अंगभर कोंड्याची भुकटी घेऊन घरी यायचं. मिलमध्ये धान वर चढवणारे पट्टे, टरफल काढणारं यंत्र, तांदळाला पॉलिश करणारं यंत्र, सगळं एकाच वेळी धडधडत असे. तिथे माणसं बोलत नसत, एकमेकांच्या कानात ओरडत, नाहीतर हातांनी खुणा करत. अशा माणसाला ध्रुवयानचा पहिला भाग आवडला यात नवल नव्हतं. हिंदीत डब केलेला तो इंग्रजी पिक्चर. त्यात यान उडायचं तेव्हा टॉकीजची जमीन हादरायची. "आपल्या मिलपेक्षा मोठा आवाज!" यादोराव आणि त्यांचा मिलमधला जोडीदार रामलाल भेटेल त्याला सांगत. दोघांनी तो पिक्चर उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा पाहिला.

दुसरा भाग आला तेव्हा अलका दुसरीत होती. मिलमधली सगळी मंडळी एकत्र गेली. मध्यंतरापर्यंत ठीक चाललं. मग यानात स्फोट झाला, यानाची कप्तान बाई दुरुस्तीसाठी बाहेर पडली आणि आवाज बंद झाला. बोलणं नाही, संगीत नाही, काहीच नाही. "साऊंड! साऊंड!" टॉकीजभर ओरडा झाला. शिट्ट्या सुरू झाल्या. रामलाल खुर्चीवर उभा राहिला. शेवटी मॅनेजर टॉर्च घेऊन पडद्यासमोर आला. "भाईसाब, मशीन ठीक है! पिक्चर ही ऐसी है! अंतराळ में आवाज नहीं होती!"

"मंग तिकीट कायले घेतलं बे?" यादोराव ओरडले. सगळं टॉकीज हसलं. मग कुणीतरी खुर्ची मोडली आणि पब्लिक बाहेर पडलं. आठवडाही न भरता पिक्चर उतरला. सगळीकडे तेच झालं असणार, कारण तिसरा भाग कुणी काढलाच नाही. घरात मात्र ती गोष्ट राहिली. एखादी वस्तू निकृष्ट निघाली की यादोराव म्हणत, "हा पाह्य, ध्रुवयान दोन."

कान हळूहळू गेले. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिटी गेली, मग बायकांचे आवाज. मालकाने त्यांना यंत्रांवरून काढून गेटवर बसवलं. तिथे ट्रकवाल्यांशी घोळ होऊ लागले, तेव्हा यादोरावांनी स्वतःच काम सोडलं. अलका भंडाऱ्याला दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती. तिने कानाची मशीन आणून दिली. ती लावली की पंखा, भांडी, बाहेरच्या गाड्या असं सगळंच एकदम आत घुसे. "मिल डोक्यात सुरू होते," असं म्हणून त्यांनी ती काढून ठेवली. पण आपल्याला ऐकू येत नाही, हे त्यांनी बाहेर कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायचा, तो हसला की हसायचं.

मग बुद्धपौर्णिमेला विहारात एक प्रसंग घडला. वंदना संपून सगळे डोळे मिटून शांत बसले होते. यादोरावांना वाटलं, वंदना अजून चालू आहे. ते शेजाऱ्याला नेहमीच्या मिलच्या आवाजात म्हणाले, "पंखा लावा ना बापा, जीव चालला!" पोरंसोरं खदखदून हसली. मोठ्यांनीही हसू दाबलं. ते यादोरावांना दिसलं. त्या दिवसापासून ते विहारात गेले नाहीत, कुणाच्या लग्नाला नाही, मयतीलाही नाही. मागच्या अंगणात खाट टाकून पडून राहत. कलाबाई अलकाला फोनवर म्हणाल्या होत्या, "मानूस घरात आहे माय, पन घर खाली वाटते."

म्हणून अलका त्या रविवारी हट्टाला पेटली. आपण का नेतोय हे ती नीट सांगू शकली नसती. तिने तो पिक्चर मोबाईलवर पाहिला होता, एवढंच.

"नाई आवडला तर मधातून उठू," ती कानाशी ओरडली. "तुमी मागच्या वेळेस उठलेच होते."

"तुले पैसे जास्त झाले," यादोराव कुरकुरले, पण इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

जुनं टॉकीज कधीच पडलं होतं. हे नवं होतं, गारेगार, मऊ खुर्च्यांचं. बरीच गर्दी होती, बहुतेक कॉलेजची मुलं. पहिला अर्धा भाग यादोरावांनी नेहमीसारखा काढला. पडद्यावरचे ओठ हलत होते, त्यांच्यापर्यंत फक्त घूं घूं पोचत होतं. सगळे हसले की तेही हसत. मध्यंतरात अलकाने विचारलं, "जायचं?" ते म्हणाले, "हो, हो," आणि जागेवरच बसून राहिले.

मग स्फोट झाला. त्याचा धक्का त्यांना छातीत जाणवला. आणि पाठोपाठ ते घूं घूंसुद्धा थांबलं.

यादोरावांनी वाट पाहिली. कान चोळले. काहीच येईना. गेले, त्यांना वाटलं. थोडंफार उरलं होतं, तेही आज गेलं. त्यांनी अंधारात अलकाचं मनगट घट्ट धरलं.

"अलका! मले काहीच आयकाले येऊन नाई राह्यलं!"

त्या निःशब्द सभागृहात त्यांचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. पुढच्या रांगेतली डोकी वळली. अलकाने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग तिने स्वतःच्या कानाकडे बोट केलं आणि मान हलवली. मलाही नाही. नंतर तिने हात फिरवून सगळं थिएटर दाखवलं. कुणालाच नाही.

यादोराव खुर्चीत अर्धे वळले. मागे रांगांवर रांगा माणसं बसली होती. पडद्याच्या निळसर उजेडात सगळ्यांचे चेहरे दिसत होते. एकाचाही ओठ हलत नव्हता. कुणी शिट्टी मारत नव्हतं. एका मुलीचा पॉपकॉर्नचा हात तोंडाशी नेता नेता तसाच राहिला होता. ही सगळी माणसं आत्ता तिथेच होती, जिथे यादोराव इतकी वर्षं एकटे राहत होते.

हा तोच भाग, हे त्यांना तेव्हा उमगलं. ते सावकाश पुढे वळले आणि त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

कप्तान बाई यानाच्या पाठीवरून हाताने चाचपडत पुढे सरकत होती. खाली, वर, बाजूला, कुठेच काही नव्हतं. काळोख होता, आणि तारे. तिच्या श्वासाने हेल्मेटच्या काचेवर वाफ धरत होती आणि विरत होती. आतून खिडकीशी आलेला तिचा सोबती तिच्याशी हातांनी बोलत होता, ती हातांनीच उत्तर देत होती. यादोरावांना प्रत्येक खूण कळली. इकडे नको. तिथला बोल्ट. सांभाळ. मिलमध्ये ते आणि रामलाल असंच बोलत असत. मग तिने यानाच्या अंगावर पंजा टेकला आणि डोळे मिटले. आतलं इंजिन जिवंत आहे का, ते ती हाताने ऐकत होती.

"अरे," यादोराव स्वतःशी म्हणाले.

तेवढ्यात तिच्या मागून ग्रह उगवला. आधी उजेडाची एक बारीक कड, मग सगळा पडदा त्या उजेडाने भरून गेला. ढग, समुद्र, वाळवंट, सगळं मावेना इतकं मोठं, आणि त्याच्यापुढे ती बाई तांदळाच्या दाण्याएवढी. आणि एवढं सगळं घडत असताना जरासाही आवाज नाही. यादोरावांच्या अंगावर काटा आला. इतकं मोठं काही इतकं शांतपणे येऊ शकतं, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. शांतता म्हणजे काहीतरी बंद पडलेलं, एवढंच त्यांना माहीत होतं. मिल बंद, कान बंद. आणि इथे ती शांतता आभाळभर भरून राहिली होती, आणि सगळे तिच्याकडे तोंड उघडं टाकून पाहत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, पुसताना काही बघायचं राहून गेलं असतं.

मग एकदम सगळी माणसं दचकली. खुर्चीखाली हलकी थरथर आली. इंजिन सुरू झालं असावं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, शेजारी शेजाऱ्याशी बोलू लागला. अलकाने चटकन बाबांकडे पाहिलं. सगळे आवाजात परत गेले होते. यादोराव मागे राहिले होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर मागे राहिल्याचं काही नव्हतं. ते पडद्याकडेच पाहत होते.

पिक्चर संपला, दिवे लागले. पडद्यावर नावं सरकत होती. लोक बाहेर पडले तरी यादोराव उठले नाहीत. अलका पाणी आणायला गेली.

झाडू घेऊन आलेली बाई रांगेतून साफ करत त्यांच्यापर्यंत पोचली आणि काहीतरी म्हणाली. यादोरावांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. 'हो, हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"बाई," ते सावकाश म्हणाले, "मले आयकाले येत नाई. हातानं सांगा."

पाण्याची बाटली घेऊन परत आलेली अलका दारातच थांबली.

बाईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग झाडू काखेत धरून तिने दोन्ही तळहात वर उचलून दाखवले. पाय वर घ्या.

यादोरावांनी मान डोलावली आणि दोन्ही पाय जमिनीपासून उचलले. ती खालून झाडत होती तोवर ते तसेच, पाय अधांतरी ठेवून, रिकाम्या पडद्याकडे पाहत बसले.