मागून उचललेली ओळ

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या छोट्या चर्चमध्ये आयल्सा आज पहिल्यांदाच गेलिक या पूर्वजांच्या स्कॉटिश भाषेतलं स्तोत्र सांगणार होती. रीत अशी, की एकाने ओळ गायची आणि बाकीच्यांनी ती मागून उचलायची.

तिची आजी मोराग शेजारच्या वसुधाताईंना म्हणाली, “क्लास लावून शिकलीय पोर. पण उचलणार कोण? माझे सोबती गेले, मीही गाणं सोडलं.”

आयल्साने ओळ गायली. सगळे गप्प. पोरीचा चेहराच उतरला.

वसुधाताईंचं बालपण कीर्तनात गेलेलं. ओळ अशी अधांतरी राहिलेली त्यांना बघवेना. त्यांनी सूर उचलला. शब्द मात्र निम्मे चुकले.

“अगं बाई, देवाला असलं ऐकवतेस?” मोराग हसली आणि तीच ओळ नीट गाऊ लागली.

दुसऱ्या ओळीला मागच्या बाकांवरूनही आवाज आले.