चौऱ्याऐंशी कार्डं, एकच वचन

हो, केलं मी. चौऱ्याऐंशी कार्डांवर बायबलमधलं एकच वचन लिहिलं. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हाही हेच सांगितलं, आत्ताही तेच सांगते.

आमच्या विश्रांतवाडीच्या चर्चमध्ये, म्हणजे आमच्या मंडळीत, एक जानेवारीच्या सकाळी उपासनेनंतर परडी फिरते. परडीत घडी घातलेली कार्डं असतात. डोळे मिटून एक उचलायचं. आत जे वचन निघेल ते देवानं तुम्हाला वर्षभरासाठी दिलेलं. कार्डं गेली वीस वर्षं मी लिहिते, कारण बाकीच्यांचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला.

आता शालूचं सांगते. शालू माझी शेजारीण, शिवणकाम करते. लग्नाला सतरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. पाच वर्षांपूर्वी महिलांच्या सभेत मी फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडावर बोलले. चांगली रंगात येऊन बोलले, "असं झाड जागा कशाला अडवतं?" समोर शालू बसली होती, हे मेलीच्या माझ्या ध्यानातच आलं नाही. त्या दिवसापासून ती मागच्या बाकावर गेली. त्यात परडीतूनही तिला दरवर्षी दुःख सोसा, धीर धरा, एवढंच निघायचं. गेल्या डिसेंबरात ती मला म्हणाली, "ताई, या एक तारखेला शेवटचं येते. देवाला मी नकोच असेन, तर उगाच कशाला बाक अडवू?"

बाई माझेच शब्द मला परत करत होती.

तिच्या हातात हवं ते कार्ड सरकवणं शक्य नव्हतं. परडी आमचे सेक्रेटरी दीनानाथराव धरतात, आणि माझ्यावर विश्वास नसल्यानं खिचडीसारखी ढवळून मगच पुढे करतात. म्हटलं, ढवळा! सगळ्याच कार्डांवर लिहिलं: वरच्या ओळीत 'मी तुला निवडलंय', खालच्या ओळीत 'जा, फळ दे'. आणि उपासनेत उठून जाहीर केलं, "यंदा कार्डं घरी जाऊन उघडायची. कुणाला दाखवायची नाहीत."

"हे कुणी ठरवलं?" दीनानाथराव.

"मी."

पुढचा आठवडा काय सांगू तुम्हाला! अख्खी मंडळी मान ताठ करून हिंडायला लागली, जणू देवानं एकेकट्याला बाजूला घेऊन कानात सांगितलंय. गायकवर्गातल्या श्यामलाबाईंनी आपलं एकटीचं गाणं चक्क दुसरीला दिलं, वर गोड हसल्या. दीनानाथरावांनी तर कहर केला. नऊ वर्षं ज्या साडूचं तोंड पाहिलं नव्हतं, त्याच्याकडे हडपसरला गेले. फळ द्यायचं म्हणून डझनभर मोसंबी घेऊन!

पण माणसाच्या पोटात गुपित किती दिवस राहणार? पुढच्या रविवारी, देवानं आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्यायला दीनानाथराव उभे राहिले, घसा साफ केला, आणि कार्ड वाचलं.

"अहो, हे तर माझं!" श्यामलाबाई ओरडल्या.

मग कुणी पर्समधून, कुणी बायबलातून, कुणी कोटाच्या खिशातून कार्डं काढली. एकच गलका. पाळकसाहेबांनीही हळूच आपलं काढून पाहिलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी मात्र शालूकडे बघत होते. ती कार्ड हातात घेऊन उठली. संपलं, म्हटलं, आता ही दाराबाहेर जाणार ती कायमची, आणि तेही माझ्यामुळेच.

ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "खरं सांगा ताई, हे माझ्यासाठी केलंत?"

एरवी माझ्या जिभेला हाड नाही. त्या दिवशी मात्र "हो गं," कसंबसं म्हणाले, "अंजिराच्या झाडाचं मी बोलले ना, ते फार चुकलं माझं." सगळ्यांदेखत म्हणाले. रडूच आलं मला.

शालूनं एकदा सगळीकडे नजर फिरवली. कार्ड धरून उभ्या असलेल्या दीनानाथरावांवर ती थांबली, आणि शालू हसायलाच लागली. "इतकी वर्षं वाटायचं, तुम्ही सगळे निवडलेले आणि मी तेवढी उरलेली. देवानं दीनानाथभाऊंनाही निवडलंय म्हटल्यावर माझं कुठं अडणारेय?"

दीनानाथरावांना हे कौतुक वाटलं असावं. ते मान डोलवत राहिले.

"आणि तुमचं कार्ड कुठाय?" शालूनं मला विचारलं.

मी स्वतःसाठी लिहिलंच नव्हतं. कुठल्या तोंडानं लिहिणार?

तिनं आपलं कार्ड मधोमध फाडलं. वरची ओळ पर्समध्ये टाकली, खालची माझ्या हातात ठेवली.

"निवडलेली मी. फळ तुम्ही द्या," ती म्हणाली. "आधी चहा टाका. मी थांबणार आहे."