अण्णांचा पॉज

अण्णांचा तो पॉज ज्यांनी पाहिला, त्यांना समजावून सांगायची गरज नाही. ज्यांनी नाही पाहिला, त्यांना कितीही समजावलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. पण गोष्ट सांगायची तर सुरुवात तिथूनच करायला हवी. नाटकाचा शेवटचा अंक. भांडून घर सोडून गेलेला मुलगा कित्येक वर्षांनी परत येतो आणि दारात उभा राहतो. बाप, म्हणजे आपले अण्णा, टेबलाशी पाठमोरा. वळतो, मुलाकडे बघतो आणि गप्प होतो. इतका गप्प, की प्रेक्षकाला शेजाऱ्याचा श्वास ऐकू यावा. आता हा पोराला हाकलतो की काय, म्हणून सगळ्यांचा जीव टांगणीला. आणि मग बाप विचारतो, "जेवलास का?"

बस्स, एवढंच. थिएटरभर रुमाल बाहेर निघायचे.

त्या पॉजवर लेख आले. अभिनयाच्या शिबिरांत त्यावर व्याख्यानं झाली. एका विद्वानाने तर त्या शांततेचे चार टप्पे पाडून दाखवले. अण्णा पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते, आणि शेजारी त्यांची बायको, म्हणजे आपल्या वहिनी, ओठ घट्ट मिटून हसू दाबत होत्या.

कारण खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. अण्णांना ते वाक्य आठवायचंच नाही! दोन-दोन पानांची भाषणं घडाघडा म्हणणारा माणूस, पण हे दोन शब्द म्हटले की पाटी कोरी. वहिनी लग्नाआधीपासूनच नाटकांच्या प्रॉम्प्टर होत्या, या नाटकाच्याही. विंगेत उंच स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, ओळीवर बोट, आणि कुणी अडलं की शब्द असा पुरवायचा की नटाला ऐकू गेला पाहिजे आणि पहिल्या रांगेला नाही. लग्नानंतर सगळं जग त्यांना वहिनी म्हणायला लागलं, पण काम तेच राहिलं. अण्णा अडायचे, वहिनी पुरवायच्या. आणि कधी पुरवायचं, हेही वहिनीच ठरवायच्या. थिएटर पुरतं शांत होईपर्यंत त्या शब्द धरून ठेवायच्या, आणि आता आणखी ताणलं तर तुटेल असं वाटलं की सोडायच्या.

त्यातही एक पोटातली गोष्ट होती, ती त्यांनी अण्णांनाही सांगितली नव्हती. पहिल्या प्रयोगाला तो पॉज वहिनींनी मुद्दाम दिलाच नव्हता. बापाचं ते वळणं पाहून त्यांना स्वतःलाच रडू फुटलं होतं. वहीवरची अक्षरं पाण्यात बुडाली, बोट ओळीवरून घसरलं, आणि समोर नवरा अडून उभा! बाहीने डोळे पुसून ओळ सापडेपर्यंत जो वेळ गेला, तोच पुढे गाजला. प्रॉम्प्टरने नाटक बघायचं नसतं, वही बघायची असते. त्यांच्या धंद्यात याच्याइतकी मोठी चूक नाही. ती चूक नवऱ्याच्या नावावर कला म्हणून जमा झाली. वहिनी काय बोलणार? अळीमिळी गुपचिळी.

तर आता त्या मुलाखतीच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. टीव्हीवरचा तो कार्यक्रम, जिथे एकेका नटाला बोलावून त्याचं काम आणि त्याचं आयुष्य उलगडून विचारतात. समोर अभिनय शिकणारी मुलंमुली बसतात. एकच नियम, कॅमेरा एकदा सुरू झाला की थांबवायचा नाही. अडखळलात, रडलात, शिंकलात, जे होईल ते तसंच दाखवणार.

नियम ऐकूनच वहिनींनी धसका घेतला. हल्ली अण्णा चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधायचे. किटली गॅसवर विसरायचे. आणि त्यात सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता स्वारी म्हणाली, "या वेळी सांगून टाकतो."

"काय सांगून टाकता?"

"पॉज कुणाचा ते."

"खबरदार!" वहिनींनी ब्रेडची सुरीच रोखली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. लोक म्हणतील, म्हातारा विसरायचा आणि आम्ही रडायचो. जन्मभर मिळवलेलं नाव एका दुपारी घालवायचंय का?"

"अगं, पण मग तुझे आभार मानायचे कधी? आपल्यातलं एक भिंतीवर फोटोत गेल्यावर?"

"नकोत मला आभार. त्यापेक्षा चष्मा जागेवर ठेवा, तेवढे पुरे."

अण्णांनी कप विसळायला उचलला. मग म्हणाले, "बरं. माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही. शपथ."

इतक्या लवकर माघार घेणारा माणूस नव्हे तो. वहिनींनी तिथेच सावध व्हायला हवं होतं, पण शर्टाला इस्त्री करायची राहिली होती.

स्टुडिओत गारठा होता. वहिनी तिसऱ्या रांगेत, शेजारी लेक. डोक्यावर छताला लांब दांड्याचा माइक टांगलेला, मुलांनी प्रश्न विचारले की ऐकू यावेत म्हणून. मंचावर दोन खुर्च्या, एकीत अण्णा, दुसरीत मुलाखत घेणारी. तिशीची चुणचुणीत बाई, पण ऐकून घ्यायची तिला सवय होती. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत ती पुढचा प्रश्न उचलत नव्हती.

अण्णा खुलले. तिकीट खिडकीवर काम करताना चोरून तालमी कशा पाहिल्या, पहिल्या भूमिकेत मेलेल्या माणसाचं काम मिळालं आणि नेमकी खोकल्याची उबळ कशी आली, सगळं सांगितलं. मुलं हसून हसून वाकली. वहिनींचा जीव जरा भांड्यात पडला.

आणि मग बाईने विचारलं, "अण्णा, तो पॉज. तो कसा सापडला तुम्हाला?"

वहिनींनी लेकीचा हात धरला. लेक म्हणाली, "आई, नख लागतंय."

अण्णा गालातल्या गालात हसले. "त्याबद्दल मी बोलायचं नाही, असं घरी ठरलंय."

पुन्हा हशा. वहिनींनी मनातल्या मनात देवाला नमस्कार केला. तेवढ्यात मागून एक मुलगी उठली. "बोलू नका, पण करून दाखवाल का?"

"ते चालेल," अण्णा म्हणाले. "करून दाखवायचं नाही, असं नाही ठरलं."

बाई मुलगा होऊन मंचाच्या कडेला उभी राहिली. अण्णांनी खुर्ची बाजूला सारली आणि पाठ केली. खांदे जरासे उतरले, आणि बघता बघता तो म्हातारा बाप तिथे हजर झाला. वळला. पोराकडे बघितलं.

शांतता.

वहिनींना वाटलं, अजून तेच आहे. तोच माणूस, तेच वळणं. स्टुडिओ हळूहळू निवत गेला. कुणीतरी हलत होतं, ते थांबलं. खुर्ची करकरत होती, तीही थांबली. आता. आत्ता, वहिनींच्या जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं. आपलं काम संपलंय, आता ते पाठ करून आले असतील.

अण्णा बोलले नाहीत.

क्षण उलटून गेला. बाईच्या चेहऱ्यावरचा मुलगा जाऊन तिथे काळजी दिसायला लागली. कॅमेऱ्यामागच्या माणसाने दुसऱ्याकडे बघितलं. लेक मात्र भारावून कुजबुजली, "काय पॉज घेतलाय बाबांनी!"

"पॉज कसला, डोंबल," वहिनींच्या मनात आलं. कारण त्यांना अण्णांचा उजवा हात दिसत होता. अंगठा पँटच्या शिवणीवर घासत होता. अण्णा खरंच अडले की अंगठा असाच घासायचा, विंगेतून त्यांनी तो आयुष्यभर पाहिला होता. अगंबाई! विसरले. सगळ्या जगासमोर, आणि हे लोक कॅमेरा थांबवणार नाहीत. चष्मा, किटली, आणि आता हे. कीव करतील माणसाची.

मग अब्रू, शपथ, झाकली मूठ, सगळं कुठल्या कुठे गेलं. वहिनींच्या घशातून तो जुना आवाज निघाला, नटाला ऐकू जाणारा, पहिल्या रांगेला न जाणारा.

"जेवलास का?"

पहिल्या रांगेला नसेल गेला, पण डोक्यावरच्या माइकला गेला. साऱ्या स्टुडिओभर, छतापासून भिंतीपर्यंत वहिनी घुमल्या.

आणि लगेच मंचावर अण्णांनी विचारलं, "जेवलास का?"

कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. लेकीचं तोंड उघडं ते उघडंच. वहिनींना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"कोण बोललं?" बाईने विचारलं.

"मी शपथ घेतलीय," अण्णा हात जोडून म्हणाले, "माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही. आणि निघाला का? त्या स्वतःच बोलल्या. आता मी शपथेतून मोकळा!"

लबाड! आता वहिनींच्या डोक्यात प्रकाश पडला. मुद्दाम केलं मेल्याने!

मग मेकअपच्या खोलीतून तिसरी खुर्ची आली आणि वहिनींना हाताला धरून मंचावर नेलं. अण्णांनी सगळं सांगितलं. विंग, स्टूल, ओळीवरचं बोट. "तुम्ही ज्याला माझा पॉज म्हणता, तो यांचा. मी नुसता उभा राहायचो."

"म्हणजे तुम्ही दर प्रयोगाला वाक्य विसरायचात?" बाईने विचारलं.

"छे! पहिल्या प्रयोगाला विसरलो. दुसऱ्यापासून पाठ होतं."

वहिनी गर्रकन वळल्या. "काय?"

"पाठ होतं गं. दोन तर शब्द. पण तू म्हणेपर्यंत म्हणायचं नाही, असं मी ठरवलं. कधी बोलायचं हे तुला जसं कळायचं, तसं मला कधीच कळलं नसतं."

"आणि तो अंगठा?"

"तो अभिनय," अण्णा शांतपणे म्हणाले. "जन्मभर केलेला. बघायला तू एकटीच होतीस. त्याला काही बक्षीस नाही मिळालं."

"सर्दीने घसा बसलेला असताना मी त्या विंगेतल्या वाऱ्यात बसले! आणि याला पाठ होतं!" वहिनी इतक्या तावातावाने म्हणाल्या, की मुलं उठून उभी राहिली आणि टाळ्या थांबेनात. कुणाच्या तोंडावर कीव नव्हती. म्हातारा विसरायचा, असं कुणी म्हणत नव्हतं. ती मघाची मुलगी तर डोळे पुसत टाळ्या वाजवत होती.

टाळ्या ओसरल्या तसं बाईने वहिनींना विचारलं, "पहिल्या दिवशी तुम्हाला कसं कळलं, किती थांबायचं ते?"

झालं. वहिनींचं तोंड उघडलं आणि आतून काहीच येईना. एवढे दिवे, एवढे डोळे. जन्मभर दुसऱ्याला शब्द पुरवले, स्वतःचा एकही कधी उजेडात येऊन बोलल्या नव्हत्या. शिवाय खरं कसं सांगायचं? वही सोडून नाटक बघत बसले आणि ओळ हरवली, असं?

अण्णा त्यांच्या कानाशी वाकले. प्रॉम्प्टर म्हणून अगदीच कच्चे, अख्ख्या स्टुडिओला ऐकू गेलं. "सांग की, रडत होतीस म्हणून."

वहिनींनी त्यांचा दंड धरला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी वाक्य विसरलो ते का विसरलो? वळल्यावर विंगेत नजर गेली. तू बाहीने डोळे पुसत होतीस, वही घसरायला आलेली. तोपर्यंत मी नुसता पाठ केलेला बाप होतो. तुझा चेहरा बघितला आणि कळलं, पोरगं दारात आलं की माणसाचं काय होतं ते. मग शब्द कुठले आठवतात?" अण्णांचा आवाज हलला. "मला जे काही नाव मिळालं, ते मी तिथून उचललंय. आजवर परत केलं नव्हतं. आज तुझे आभार मानतो, सगळ्यांसमोर. नको म्हणायचं नाही."

वहिनी नको म्हणाल्या नाहीत. त्यांनी बाहीने डोळे पुसले, आणि कॅमेरा थांबवायचा नाही हा नियम होता, म्हणून तेही सगळ्यांनी पाहिलं.

नंतर मेकअपच्या खोलीत दोघंच होते. लेक गाडी बोलवायला गेली होती. वहिनी कापसाने अण्णांच्या कपाळावरचा रंग पुसत होत्या, जरा जोरातच. राग होता की नाही त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. सकाळपासून धास्तीने त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता, तेही आता कुठे लक्षात आलं.

अण्णांनी आरशातून त्यांच्याकडे बघितलं. कुणी पुरवलं नाही, कुणी सुचवलं नाही.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी लगेच उत्तर दिलं नाही. कापूस बाजूला ठेवला. डबीचं झाकण लावलं. अण्णा वाट बघत राहिले. किती थांबायचं, हे वहिनींना कुणी शिकवायला नको होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "चला, बरोबर जेवू."