पहिल्या घाण्याचे डोळे

सासऱ्यांनी बाविसाव्या माशाचा उजवा डोळा काढून संपवला आणि दाराकडे कान दिला. बायको मागच्या अंगणात ब्रश धूत होती, सून बाजारात. अजून अठरा मासे, म्हणजे छत्तीस डोळे. त्यांनी पुन्हा कुंचला बुडवला.

या घरात गळाला लावायचे लाकडी मासे बनत. बोटभर लांब, पोटात शिशाची गोळी, तोंडाशी पत्र्याची जीभ. पाण्यात ओढला की असा वळवळत पळायचा की भलेभले मासे फसावेत. चाळिसांचा एक घाणा. आधी चाळीसही कोरायचे, मग चाळीसही रंगवायचे आणि मग सासूबाई एकेक टबात ओढून बघायच्या. सरळ पोहला तर त्याला डोळे, कुशीवर कलला तर शेगडीत. एकदा डोळे लागले की मात्र मासा जाळायचा नाही. सासूबाई म्हणायच्या, "बघतोय त्याला कसं जाळायचं?"

सासऱ्यांची सगळी भिस्त या एका वाक्यावर होती. कारण हा घाणा सुनेचा होता, पहिलाच. काल जेवताना ती म्हणाली होती, "दहाच्या वर शेगडीत गेले, तर सोमवारपासून मी बाजारातल्या दुकानात कामाला जाते. उगाच तुमचं लाकूड कशाला नासायचं?"

सासूबाई म्हणाल्या, "बरं."

नुसतं बरं! सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला. वर्षभरात त्यांना या पोरीच्या बडबडीची इतकी सवय झाली होती की ती चार दिवस माहेरी गेली, तरी घर खायला उठायचं.

चाळिसावा मासा ठेवतात न ठेवतात तोच बायको आत आली.

"अहो, हे काय?"

"डोळे."

"ते दिसतंय. पाण्यात कुणी घातले?"

"मीच की. बघितले वरवर."

"टब कोरडा आहे."

खरंच की! निदान बादलीभर पाणी तरी ओतायचं. साठी उलटली तरी लबाडी काही जमली नव्हती.

तेवढ्यात सून पिशवी घेऊन आली. चाळीस जोड डोळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर तिचा चेहरा आधी खुलला. मग तिनं सासऱ्यांचे लाल झालेले कान बघितले. पिशवी ठेवली आणि टब भरायला घेतला.

पहिले चार सरळ गेले. पाचवा कलला.

"असू दे गं, थोडासाच तर कललाय," सासरे म्हणाले. "मीसुद्धा चालताना कलतो."

"तुम्हाला कुणी गळाला लावत नाही, बाबा."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या, पण पुढे आल्या नाहीत. सगळे मासे ओढून झाले. सतरा कलते निघाले.

सुनेनं पॉलिश पेपरचा तुकडा घेतला, त्यातला एक उचलला आणि त्याचे दोन्ही डोळे घासून काढले.

"आता नाही ना बघत हा?" तिनं सासूबाईंना विचारलं आणि मासा शेगडीत टाकला. मग दुसरा. मग तिसरा. सासरे उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"सतरा," शेवटी ती म्हणाली. पॉलिश पेपर खाली ठेवला. "सोमवारी येते म्हणून सांगते दुकानात."

"सोमवारी नवा घाणा लावायचाय."

"पण आई, दहाच्या वर..."

"ती अट तुझी. मी फक्त बरं म्हटलं होतं." सासूबाईंनी सरळ निघालेल्या माशांपैकी एक उचलून तळहातावर फिरवला. "माझ्या पहिल्या घाण्यालाही ह्यांनी रातोरात डोळे काढून ठेवले होते. मग ते शेगडीत टाकायला मामंजींचा हात धजेना. मला सगळं कळलं होतं, पण मी गप्प बसले. वाकडे, तिरके, चाळीसच्या चाळीस विकले. तुझ्यासारखं मला नाही जमलं."

सासरे खिडकीतून गर्रकन वळले.

"तुला ठाऊक होतं?"

पस्तीस वर्षं उराशी जपलेलं गुपित, आणि बायको त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिनं स्वतःचं स्टूल पायानं टबाजवळ सरकवलं.

"बस," ती सुनेला म्हणाली. "यापुढे पाण्यात तूच बघायचंस. उभ्यानं पाठ धरते."