बिनटाक्याचं ऑपरेशन

"सरका ना वो बाई जरासक! सकाळपासून तुमचं कोपर माह्या बरगडीत घुसून राहिलं. पोट दुखते म्हून आली होती, आता बरगडीही दुखते. दोन्हीचं एकाच चिठ्ठीत होते का इथं?"

बाजूच्या म्हातारीची कुरकुर ऐकून मनालीनं कोपर आवरलं, पण जागा सोडली नाही. पहाटे येऊन तिनं ती धरली होती, मांडवाच्या अगदी पुढं, लाल पडद्यापासून चार हातांवर.

मोहाडीच्या बाजूच्या त्या गावात दर मंगळवारी नत्थू महाराजांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. साकोलीकडून जीपा भरून माणसं येत. हा नत्थू आधी सायकलींचे पंक्चर काढायचा, आता माणसांचे खडे काढतो. मनालीचा नवरा जीवन म्हणायचा की दोन्ही धंदे हवेचेच, म्हणून त्याला नवीन काही शिकावं लागलं नाही. हे तो घरातल्या घरात म्हणायचा.

"आमच्याकडे कात्री नाही, टाका नाही, भूल नाही!" नत्थू ओरडला. "डाक्टर फाडते, आम्ही ओढतो! अरे, बोअरिंगच्या पंपानं दोनशे फुटांवरचं पाणी वर येते ना? मग चार बोटांवरचा खडा काहून नाही येणार? सायन्स आहे बाप्पा हे, सायन्स!"

त्यानं तांब्यातल्या पाण्यानं खळखळून चूळ भरली. तोंडाचा मोठा आ करून, जीभ वर-खाली करून लोकांना दाखवलं. रिकामं. मग दुपट्ट्यानं तोंड पुसलं, खाटेवर निजलेल्या सुखराम म्हाताऱ्याच्या पोटावर पांढरं फडकं टाकलं, त्यावर ओठ टेकवले आणि गालफडं आत जाईपर्यंत ओढलं. लोकांनी श्वास धरला. नत्थू उठला आणि स्टीलच्या ताटलीत थुंकला.

टण्ण!

पांढरा, तुरीएवढा खडा. त्यावर लाल ठिपका.

"रक्तासकट आला गा!" कोणीतरी ओरडलं. सुखराम उठून बसला आणि हलकं वाटते म्हणाला. एवढ्या लोकांसमोर जड वाटते म्हणायची कोणाची छाती?

मनालीनं ताटलीकडे पाहिलंच नाही. तिचे डोळे पडद्याखाली होते. तिथं नत्थूची बायको शकुनबाई बसून दुपट्टे बदलून द्यायची. जुने खडे संपून नवी पिशवी कधी सुटते, एवढंच मनालीला पाहायचं होतं. कारण सुखरामनंतर गोलूचा नंबर होता.

गोलू शेजारच्या कुंताबाईंचा चार वर्षांचा नातू. आईबाप नागपूरला बांधकामावर, पोरगा आजीपाशी. कालपासून उजवीकडे खाली पोट धरून बसलेला, अंग तापलेलं. मनालीनं सकाळी इथंच हात जोडले होते, "काकू, जीवन ऑटो घेऊन उभा आहे. भंडाऱ्याले नेऊ."

"आधी खडा तर निघू दे," कुंताबाई म्हणाल्या होत्या.

याच कुंताबाईंची नात गुड्डी, गोलूची मोठी बहीण, मागच्या वर्षी गेली. तीही याच खाटेवर निजली होती. गावानं ठरवून टाकलं की तिचं आयुष्य तेवढंच होतं. हे वाक्य फार सोयीचं. त्यात करणारा कोणी लागत नाही.

मनालीला कोणाला हसायचा हक्क नव्हता. पाच महिन्यांपूर्वी तिनंच आपल्या अशूला इथं निजवलं होतं.

तिच्या घरी आजेसासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून उंबऱ्यात ना लिंबू आलं, ना अंगारा. अंगात येणाऱ्या बाईला सासू धुरपताबाई सरळ म्हणायची, "उतरलं का वो? मग चहा पी." पण नत्थूकडे ना नारळ होता, ना उदबत्ती. तो सायन्स म्हणायचा. "हा काही देव थोडी आहे," धुरपताबाई म्हणाली. "हा तर डाक्टरच आहे, बिनटाक्याचा." आपण अंधश्रद्धा मानत नाही, या भरवशावर ते घर फसलं.

सहा वर्षांच्या अशूच्या पोटातून खडा 'निघाला'. नत्थूनं तो लाल फडक्यात बांधून दिला आणि बजावलं, "आता ताप येईन. येऊ द्या, जहर निघून राहिलं म्हून येते. तीन दिवसांत दवाखान्याची सुई लागली, तर उलटलंच समजा."

दोन दिवस पोरगं तापात तळमळलं. तिसऱ्या दिवशी दुखणं एकदम थांबलं. धुरपताबाईनं आनंदानं शिरा केला. संध्याकाळी अशूचं पोट पाटासारखं कडक झालं आणि ओठ निळे पडले.

नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं कागदावर आतडं काढून दाखवलं. "हे अपेंडिक्स. हे फुटलं, म्हणून दुखणं थांबलं. आता पोटभर पू आहे. पहिल्या दिवशी आणलं असतं तर चार दिवसांत घरी गेला असता."

त्रेपन्न दिवस लागले. दोन ऑपरेशनं. नाकात नळी, पोटात नळी, नळीला पिशवी. पाण्यासाठी अशू रडायचा आणि मनाली ओला कापूस त्याच्या ओठांवरून फिरवायची. घोट द्यायला बंदी. तो कापूसच चोखायला लागला की ती हळूच काढून घ्यायची आणि खिडकीकडे तोंड करायची. सकाळी चंद्रकला सिस्टर वॉर्डाच्या दारातूनच विचारायची, "काय अश्वजित साहेब, पादलात का?" आतडं चालू झाल्याची तीच खूण. सहाव्या दिवशी तो आवाज झाला, तेव्हा वीस खाटांच्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. अशू लाजून चादरीत शिरला. लेकराच्या पादण्यासाठी डोळ्यांत पाणी आणणारी आई जगात फक्त त्या वॉर्डात भेटते.

तिथंच एका दुपारी तिनं पर्समधलं लाल फडकं सोडलं. तेवढ्या दिवसांत रक्त तिला चांगलं ओळखू यायला लागलं होतं. चादरीवरचं रक्त सुकलं की तपकिरी पडतं, थंड पाण्यात चोळलं की सुटतं. या खड्यावरचा ठिपका भडक लालच होता आणि पाण्यानं हलत नव्हता. नखानं खरवडला, तर पापुद्रा निघाला. रंग! खड्याला कोंड्याचा वास होता.

मनाली राईस मिलमध्ये कामाला होती. तांदळातले खडे वेगळे करणाऱ्या मशीनखाली साचलेला ढीग रोज तीच झाडायची. त्या मशीनच्या खड्ड्याला मालकानं दिवाळीत लाल रंग मारला होता. त्याचे पोपडे खड्यांना चिकटत. आणि महिन्याकाठी शकुनबाई यायची, "कुंडीत टाकायले खडे दे ना वो मनाली." मनालीनं प्रत्येक वेळी पिशवी भरून दिली होती. अगदी चाळणीनं चाळून, एकसारखे.

तिच्या हातचा खडा तिच्याच लेकराच्या पोटातून काढला होता.

त्या दिवशी ती रडली नाही. अशू घरी आला, वरण-भात खायला लागला, शाळेत जायला लागला, तेव्हा ती मिलमध्ये परत गेली आणि शकुनबाईची वाट पाहू लागली. गेल्या आठवड्यात ती आलीच. "चार दिवसांनी ये," मनाली म्हणाली. "चांगले निवडून ठेवते."

चार दिवस तिनं खडे तिखटजाळ मिरचीच्या काढ्यात उकळले, उन्हात वाळवले, पुन्हा उकळले, पुन्हा वाळवले. घरातले सगळे खोकून बेजार झाले. वाळल्यावर खडे दिसायला तसेच होते. नत्थू ते धुणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. धुत असता, तर अशूच्या खड्याला कोंड्याचा वास उरला नसता.

पडद्याखाली हिरव्या दोरीची गाठ सुटली. मनालीची पिशवी. मनालीनं पाय आखडून घेतले.

कुंताबाईंनी गोलूला खाटेवर ठेवलं. पोरगं कण्हत होतं. नत्थूनं चूळ भरली, रिकामं तोंड दाखवलं, नव्या दुपट्ट्यानं पुसलं.

"लेकराच्या पोटात खडा अडकला आहे," तो बोलायला लागला. आवाज एका गालातून येत होता. "आता पाहा, कात्री नाही, टा..."

तो थांबला. डोळे मिचकावले.

"टाका नाही, भू... भू..."

कपाळावर घाम फुटला. नाक वाहू लागलं. त्यानं तोंड घट्ट मिटलं, आणि मिटल्यानं आग आणखी भडकली. मनाली त्याच्याकडे टक लावून पाहत होती. तिला दया आली नाही. ओला कापूस चोखणारे ओठ तिच्या डोळ्यांपुढं होते. अजून थोडं धर रे बाबा, ती मनात म्हणाली. माह्या पोरानं दोन दिवस धरलं होतं.

नत्थूच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "महाराजांले करुणा आली," मागून एक बाई भक्तीनं म्हणाली. तेवढ्यात महाराजांनी आ केला आणि ताटली शोधायची उसंत न मिळता खाटेवरच थुंकले. एक, दोन, तीन, चार खडे. गोलूच्या पोटाला अजून ओठही लागला नव्हता.

"पाणी! शकुन, पाणी! मेलो वो!"

अंगणात गोंधळ उडाला. एक तांब्या रिचवून नत्थू किंचाळला, "घात केला! कोणं तरी करणी केली माह्यावर!"

"करणी नाही, मिरची," मनाली उभी राहिली. "मी लावली."

दोनशे तोंडं तिच्याकडे वळली. "पकडा वो हिले!" शकुनबाई ओरडली. दोघेचौघे उठले.

"पकडा ना, मी कुठी पळून राहिली?" मनालीचा आवाज चढला. "पण पकडायच्या आधी एक विचारा. मिरची मी मिलमधल्या खड्यांले लावली होती. शकुनबाई कुंडीत टाकायले घेऊन गेली, त्या खड्यांले. मग आग कुंडीले लागाले पाहिजे होती. महाराजांच्या तोंडात कशी लागली?"

उठलेले चौघे शकुनबाईकडे पाहू लागले.

मनालीनं पडदा सारून शकुनबाईच्या मांडीवरचा दुपट्टा ओढला. टोकाच्या पुरचुंडीतून खडे जमिनीवर सांडले. "चूळ भरते तेव्हा तोंड रिकामंच असते. तोंड पुसताना भरते. हे घ्या, पुढच्या नंबरचे मुतखडे. अजून पेशंटच्या पोटात जायचे आहेत!"

कोणीतरी हसलं. नत्थू सुजलेल्या जिभेनं म्हणाला, "शद्दा... शद्दा पायजे..."

"सायन्स होतं ना मघाशी? श्रद्धा कधी झालं?" मनाली लोकांकडे वळली. "अरे, कातडी फाटली नाही, फडक्याले भोक पडलं नाही, मग खडा आला कोणत्या वाटेनं? घरची चाळणीही भोक असल्याशिवाय खडा सोडत नाही. आतलं पाहायले सोनोग्राफी आहे. उजवीकडे खाली दुखलं, अंग तापलं, तर एक दिवस थांबू नोका. आणि जो दवाखान्यात जाऊ नोका म्हणते, त्याच्या अंगणात उभे राहू नोका. माह्या पोराच्या पोटावर टाके आहेत, हातभर. म्हून तो आज शाळेत आहे."

सुखराम खाली बघत पुटपुटला, "तोंडात ठेवत असतीन दोन-चार... पण गुण येते ना बाई. आता गुड्डीचं म्हणशील, तर तिचं आयुष्यच..."

"चूप!"

कुंताबाईंनी गोलूला खाटेवरून उचलून छातीशी धरलं होतं. त्या आधी नत्थूकडे, मग सुखरामकडे आणि मग साऱ्या अंगणाकडे पाहत राहिल्या.

"मनाली, जीवनले म्हण, ऑटो चालू कर." त्यांचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "आयुष्य नव्हतं संपलं माह्या गुड्डीचं. तीन दिवस ती म्हणत होती, आजी, दवाखान्यात ने. या माणसानं नाही म्हटलं, अन् मी त्याचं ऐकलं. आम्ही मारली तिले. यानं अन् मी."