शेवटचा अर्धा इंच

चावी फिरली, पण ट्रकने हूं की चूं केलं नाही.

पायलटनी ती पुन्हा फिरवली. मग खिडकीतून बाहेर जमलेल्या मंडळींकडे पाहून, प्रसूतिगृहाच्या दारात ताटकळलेला नवरा हसतो तसे हसले. सगळा कारखाना आवारात लोटला होता आणि खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत धाकट्या बाई बसल्या होत्या. बाईंच्या वडिलांनी कारखाना काढला तेव्हाचा हा पहिला ट्रक. तो दुरुस्त करून, रंगवून, वर्धापनदिनी फाटकाबाहेर काढायचा होता, आणि त्यासाठी कारखान्यात सगळे ज्यांना पायलट म्हणत त्या निवृत्त ड्रायव्हरना घरी गाडी पाठवून बोलावलं होतं. ड्रायव्हरला आणायला ड्रायव्हर! ही बातमी पायलटनी निम्म्या गल्लीला सांगितली होती. उरलेली निम्मी बायकोने संपवली.

"दाजी, क्लच पूर्ण दाबा," त्यांचा मेव्हणा पायरीवर चढून हळूच म्हणाला. कारखान्याच्या गाड्यांचं वायरिंग तो बघायचा. हे काम पायलटनीच त्याला लावून दिलं होतं, आणि ते त्याला विसरू देत नसत.

"मला शिकवतोस? तू चड्डीत होतास तेव्हापासून चालवतोय ही गाडी."

"तेव्हा हा स्विच नव्हता ना. विमावाल्यांची अट आहे. क्लच तळाला टेकला तरच स्टार्टर फिरणार. चुकून गिअर राहिला तर गाडीने उडी मारू नये म्हणून."

पायलटनी क्लच दाबला. म्हणजे त्यांच्या बाजूने दाबला. त्यांचा डावा गुडघा हल्ली एका ठिकाणी येऊन अडून बसत असे. गिअर बदलण्यापुरतं पेडल खाली जाई, शेवटचा अर्धा इंच तेवढा राही. हे फक्त बायकोला ठाऊक होतं, तेही अर्धवट. बाईंचा फोन आला तेव्हा त्यांनी गुडघ्याचा विषय काढला नाही. बाईंनीही विचारलं नाही, त्यामुळे खोटं बोलावं लागलं नाही, याचं त्यांना केवढं समाधान वाटलं होतं.

"काय झालं, काका?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, बाई. वायरिंग." आणि लोक ऐकतायत म्हणून आवाज चढवून, "हल्लीचे वायरमन! रंग आवडला की जोडली वायर."

लोक हसले. मेव्हणाही हसला. बहिणीच्या नवऱ्याच्या विनोदाला हसायचं, हे वळण त्याला लहानपणापासून होतं. मग तो टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली शिरला. उजेड स्विचवर पडला, पेडलवर पडला, तिथून पायलटच्या बुटावर गेला आणि थांबला. बूट थरथरत होता.

"ताईला माहितेय?" खालून आवाज आला.

"काय?"

"काही नाही."

थोडा वेळ नुसती खुडबुड झाली. मग मेव्हणा कुजबुजला, "स्विच काढून दोन्ही वायरी थेट जोडल्यात. आता क्लचशिवाय फिरेल. फक्त न्यूट्रल बघून चावी मारा, दाजी. एवढं करा." आणि बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझीच चूक. कनेक्शन ढिलं होतं."

"म्हटलं नव्हतं?" पायलट म्हणाले.

ट्रक चालू व्हायच्या आधी बाईंना मागचा दिवा बघायचा होता. रिव्हर्स टाकला की आपोआप लागणारा पांढरा दिवा त्यांच्या वडिलांच्या वेळी नव्हता. पायलटनी चावी निम्मी फिरवून रिव्हर्स टाकला. मागे दिवा लागला, टाळ्या पडल्या. दिव्याला पडल्या. सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेल्या माणसाला अजून एकही पडली नव्हती. पायलटनी चावी पुढे फिरवली.

गिअर रिव्हर्सलाच राहिला होता. ट्रकने मागे उडी मारली. मागे ठेवलेल्या दोन रिकाम्या खुर्च्या आडव्या झाल्या, चहाचा ट्रे घेऊन चाललेला पहारेकरी ट्रेसकट पडला. दिव्याच्या काचेचा चुरा झाला आणि गाडी बंद पडली. पहारेकऱ्याचं कोपर फुटलं होतं. तो उठून आधी कपबशा गोळा करू लागला.

मॅनेजरसाहेबांनी दार उघडून खाली वाकून पाहिलं. "या वायरी कोणी जोडल्या?"

"मी," मेव्हणा म्हणाला.

"का?"

मेव्हण्याने पायलटकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार असती तर बरं झालं असतं. "घाई झाली, साहेब."

"माणूस मेला असता! उद्यापासून आमच्या गाड्यांना हात लावायचा नाही."

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य पायलटच्या घशाशी आलं, समोरचं भरलेलं आवार पाहिलं आणि परत फिरलं. त्याऐवजी दुसरंच बाहेर पडलं, "जाऊ द्या साहेब, पोरगं आहे."

पोरगं पन्नाशीला आलं होतं. त्याने मान खाली घातली. पायलटना वाटलं, आपण आत्ता जे बोललो ते आपल्या तोंडून आलंच नसेल. पण ट्रकमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

बाई उठून जवळ आल्या. "वायरी होत्या तशा करा. आणि काका, एकदा चालू करून बघा. स्विच खराब होता का, ते तरी कळू दे."

मेव्हण्याने वायरी पुन्हा स्विचला लावल्या आणि तोंड वर न करता पुटपुटला, "स्विचच खराब आहे म्हणून सांगतो मी. तुम्ही उतरा, दाजी."

पायलटना उतरावंसं वाटलं. खरोखर वाटलं. एक हात दारापर्यंत गेलाही.

"वर ये," ते म्हणाले. "इकडे, माझ्या शेजारी बस."

मेव्हणा पलीकडून चढला. पायलटनी हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलला आणला आणि दांडा हलवून खात्री केली. डावा पाय क्लचवर ठेवला. पेडल गेलं तेवढं गेलं. मग त्यांनी स्टिअरिंग सोडलं, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले आणि ठासून भरलेल्या ट्रंकेचं झाकण दाबावं तसं सगळं वजन टाकलं. डोळ्यांत पाणी आलं. पेडल तळाला टेकलं.

आता चावी फिरवायला हात उरला नव्हता.

"तू फिरव."

मेव्हण्याने त्यांच्या अंगावरून वाकून चावी फिरवली. इंजिन पहिल्याच फेरीला सुरू झालं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. मॅनेजरसाहेब त्या दोन हातांकडे पाहत होते. मग ते स्वतःच्या बुटांकडे पाहू लागले.

"स्विच चांगला आहे, बाई," पायलट इंजिनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले. "त्याने नीट बसवलाय."

गाडी न्यूट्रलला होती. आता हात काढले असते तरी चाललं असतं. पण ते तसेच गुडघा दाबून, समोरच्या काचेतून बघत बसून राहिले.