हिरवट वटवट्या

सुभाष प्रधानांच्या जुईनगरच्या फ्लॅटची बेल वाजवायची ती दूधवाल्याने नाहीतर पेपरवाल्याने. आई होती तोवर कोणी ना कोणी यायचं. ती गेली आणि येणाऱ्यांनी वाटच सोडली. निवृत्त झालेल्या ह्या एकट्या जिवाने मग कॅमेऱ्याला भली मोठी लेन्स लावली आणि सोसायटीमागच्या नाल्यातल्या बोरूच्या उंच गवतात पाखरं शोधायला सुरुवात केली.

शहाण्णवच्या हिवाळ्यात त्यांच्या फोटोत एक वटवट्या सापडला. वटवट्या म्हणजे चिमणीहून लहान, झुडपात चुळबुळणारा पक्षी. सगळे मेले एकसारखे, ओळखताना भलेभले घाम पुसतात. ह्याची चोच बोरूत राहणाऱ्या वटवट्यासारखी लांब, पण अंग झाडावरच्या वटवट्यासारखं हिरवट. पक्षिमित्र मंडळाचा अभिराम फोटो पाहून हरखूनच गेला. "काका, हे काहीतरी भलतंच आहे!"

तेव्हापासून दर रविवारी अभिराम, ईश्वरी आणि मंडळातले आणखी दोघे-तिघे पुस्तकं घेऊन येऊ लागले. पाखराच्या डोळ्यावरच्या भुवईसारख्या पट्ट्यावरून वाद, पायांच्या रंगावरून वाद. सुभाषरावांना त्यातलं निम्मं कळत नसे. त्यांना हॉलमध्ये माणसांचा आवाज हवा होता. त्यांनी नवे कप आणले, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या, बिघडवत बिघडवत कांदेपोहे शिकले.

फोटो मंडळाच्या मासिकात द्यायचं ठरलं, म्हणून सुभाषराव निगेटिव्ह घेऊन स्टेशनजवळच्या बंडूच्या स्टुडिओत मोठी प्रत काढायला गेले. प्रत हातात आली आणि त्यांनी ती उजेडात धरली. पक्षी चक्क तपकिरी होता.

"बंडू, रंग कुठे गेला?"

"रंग ह्योच हाय साहेब. मागच्या टायमाला फोटो डल वाटला, म्हनून प्रिंट मारताना मीच हिरवा वाढवला. कस्टमरला झाडी हिरवीगार लागते ना!"

बंडू बिचारा शाबासकीची वाट बघत राहिला.

कोणाला सांगायची गरजच काय, असं सुभाषरावांना त्या आठवड्यात शंभरदा वाटलं. पण अभिराम फोटो छापणार आणि चारचौघांत त्याचं हसं होणार, हे त्यांच्याने बघवलं नसतं. रविवारी सगळ्यांचे पोहे संपेपर्यंत मात्र ते गप्प राहिले. तेवढं सुख त्यांनी घेतलं. मग प्रत पुढे केली.

अभिरामने ती निरखली आणि तो खो खो हसला. "अहो, हा साधा बोरू वटवट्या! खाडीवर ढिगाने असतात. वाचवलंत काका!" सगळे हसले, सुभाषरावही हसले. चहा भराभर संपला. "काही वेगळं दिसलं तर फोन करा हं," ईश्वरी चपला घालताना म्हणाली.

पुढचा रविवार गेला. त्याच्या पुढचाही गेला. मग एका रविवारी सुभाषरावांनी पोहे भिजवले आणि अभिरामला फोन लावला.

"नाल्यात एक नवीनच दिसतोय रे."

"काय सांगता! कसा आहे?"

खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे सुभाषरावांना पिसाचा एक रंगसुद्धा सुचेना. खिडकीबाहेर बोरू वाऱ्यावर हलत होते, बाकी काही नव्हतं.

"कसा म्हणजे... तुम्ही सगळे येऊनच बघा ना."

"आज नाही हो जमणार काका," अभिराम म्हणाला. "तुम्ही फोटो काढून ठेवा. फोटोवरून ओळखू आपण."

"बरं, काढतो," म्हणून सुभाषरावांनी फोन ठेवला.